काकड्याचा उजेड

महोदय,
कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटे गावोगावी काकड आरती होते. गेल्या वर्षी आमचे हे गेले आणि मला पहाटच नकोशी झाली. चारलाच जाग यायची. बाहेर मिट्ट काळोख, अंगात हुडहुडी. शेजारच्या काकूंनी हाताला धरून विठ्ठलमंदिरात नेले. तुपात भिजवलेला कापडाचा काकडा पेटला, त्या उजेडात विठोबाचा चेहरा हळूहळू उमटला, आणि कित्येक दिवसांनी मी मोकळी रडले. दुसऱ्या दिवशी आपणहून उठले. आता आमच्याकडे जेमतेम सात-आठ माणसे येतात. मंदिर समित्यांनी भोंग्यावर ध्वनिफीत लावून ही आरती उरकू नये. टाळ आणि माणसे पुरेत. यंदा काकडा वळायचे काम माझ्याकडे आहे.

— एक वाचक, सातारा