तात्यांचं बुक आणि काकूंचं नाव

मा. माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब,

माझे चुलते मागच्या महिन्यात गेले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. सतरा वर्षं मराठा लाइट इन्फन्ट्रीत काढली, हिरवा पोशाख उतरवून एसटीची खाकी चढवली आणि निवृत्त होईपर्यंत साताऱ्याच्या बाजूला गाडी चालवली. आमच्या जिल्ह्यात अशी माणसं घरोघर आहेत. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे 46 जवान पडले.

तात्या जंगी पलटणीचे, म्हणजे पहिल्या मराठाचे. डिसेंबर 1971 च्या युद्धात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूला शरणागतीची चिठ्ठी पाठवली, तेव्हा तिकडच्या कर्नल सुलताननं उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली. दहा तारखेच्या रात्री ती फौज वेढा फोडून निघाली ती थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आली. पहाटेपर्यंत लढाई चालली आणि अकराला जमालपूर पडलं. एवढं सगळं पाहिलेला माणूस, पण आम्ही पोरं विचारायचो, "तात्या, भीती वाटली का?" तर म्हणायचे, "वाटली की! शेजारच्यालापण वाटत व्हती, मग दोघांनी वाटून घेतली."

केळघर घाटात गाडी बंद पडली की खाली उतरून म्हणायचे, "चला मंडळी, पलटण पायी, तोफखाना मागनं येतोय!" वैतागलेले पॅसेंजर हसत चालायला लागायचे. म्हाताऱ्या बायांची बोचकी मात्र स्वतः उचलायचे. अंत्यविधीला त्यांच्या गाडीनं कॉलेजला जाणारी, आता पन्नाशीची झालेली माणसं आली होती. पाण्याचा तांब्या हातात घेऊन एकेकजण त्यांचा एकेक किस्सा सांगत होता. रडता रडता हसणारी एवढी माणसं मी एका अंगणात कधी पाहिली नव्हती.

तेरावा झाला आणि तात्यांच्या मागे मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी काकूंच्या फेऱ्या सुरू झाल्या. फौजेतून सुटताना तात्यांना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात त्यांचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तरी पंच्याहत्तरीच्या बाईला खिडकीपलीकडून विचारलं गेलं, "ही दुसरी बाई कोण?" काकू तिथं काही बोलल्या नाहीत. घरी येऊन तात्यांच्या फोटोसमोर बसून राहिल्या.

निवृत्तिवेतन केंद्राचं, ते प्रयागराजहून मंजूर होतं, हे मला माहीत आहे. पण कागद इथंच जुळवावे लागतात आणि आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत कल्याण संघटक आहेत. ते स्वतः माजी सैनिक असतात, तालुक्याला दौरेही करतात. त्यांना दोन कामं नेमून द्या. 1965 आणि 1971 चे जे जवान अजून हयात आहेत, त्यांच्या घरी जाऊन बुकातलं बायकोचं नाव आताच तपासून दुरुस्तीला पाठवायचं. नवरा सही करायला आहे तोवर हे काम सोपं असतं. आणि एखादा गेला, तर तेराव्याच्या आत फॉर्म घेऊन त्याच्या दारात जायचं. विधवेनं गाडी बदलत जिल्ह्याच्या गावाला जाऊ नये.

तात्यांचं बुक, काकूंचं आधार आणि वकिलाकडून केलेलं प्रतिज्ञापत्र एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगलेलं आहे. आपला माणूस कधीही येऊ दे, काकू घरीच असतात.

आपला नम्र,
एका जवानाचा पुतण्या