टेनर सॉ पुन्हा सापडला

प्रिय सुहास,

तुझ्या मामाने लंडनहून आणलेली ती कॅसेट आठवते? वर नुसतं 'रेगे' लिहिलेलं. बी साइडला एक पोरगा धोक्याची घंटा वाजवा म्हणून ओरडायचा आणि तू म्हणायचास, हा बेसुरा आहे, पुढे ढकल. तो सापडला. टेनर सॉ. खरं नाव क्लाइव्ह ब्राइट, जमैकातल्या किंग्स्टनचा रेगे गायक, जन्म १९६६चा. गाणं 'रिंग द अलार्म', १९८५चं. म्हणजे तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती पठ्ठ्याने!

गाण्यात आग लागलेली नाही की पोलीस आलेले नाहीत. जमैकात 'साउंड' म्हणजे स्पीकरच्या भिंती रचून रस्त्यावर, मैदानात रेकॉर्डी वाजवणारी टोळी. दोन टोळ्या समोरासमोर येतात आणि गर्दी ज्याच्याकडे वळते तो जिंकतो. टेनर सॉ सांगतो, एका मैदानात चार साउंड आहेत, दादा वाजतोय, बाकीचे तीन गप्प. धोक्याची घंटा वाजवा, आणखी एक साउंड मरतोय. एवढंच. पण ते 'मरतोय' तो अशा सुरात लांबवतो की बढाई मारतोय की कुणाच्या मयतीला आलाय, कळत नाही. लहानपणी तो चर्चमध्ये गायचा, ते इथे ऐकू येतं. तुला बेसूर वाटायचं ते हेच बघ: सुराच्या कडेकडेने चालतो, मधोमध येत नाही. मला तर आता नीटनेटके गवई ऐकवेनासे झालेत!

मागचं संगीत मात्र त्याच्यासाठी केलेलंच नाही. ते 'स्टॅलॅग', अँसेल कॉलिन्सने १९७३ साली वाजवलेलं. निर्माता विन्स्टन रायली. त्याच स्टॅलॅगवर सिस्टर नॅन्सीचं 'बॅम बॅम' आहे, आणि इतरांची किती म्हणून सांगू. अशा अनेकांनी वापरायच्या तयार संगीताला ते 'रिडिम' म्हणतात. भजनी मंडळात एकाच चालीवर वेगवेगळे अभंग बसवतात ना, तसंच. त्यामुळे चाल कुणाची हा प्रश्नच कुणी विचारत नाही, तू तिच्यावर काय केलंस ते बोल.

१९८५मध्येच निर्माता किंग जॅमीने 'स्लेंग टेंग' हा रिडिम आणला. कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधला आयता ताल, बेसला माणूस नाही, ड्रमला माणूस नाही. त्यावर टेनर सॉचं 'पम्पकिन बेली' ऐक. भोपळ्याच्या पोटात पाणी शिरलं कसं, असं तो विचारतो. आजीबाईंच्या तोंडी शोभतील अशा म्हणी, खाली यंत्र ठणठणतंय, आणि हा मधूनच देवाधर्माचं बोलतोय. मला विचारशील तर 'रिंग द अलार्म'पेक्षा हेच सरस.

पुढची गोष्ट छोटी आहे. गायक-निर्माता शुगर मायनॉटने त्याचा 'फीव्हर' अल्बम काढला, नाव झालं, आणि ऑगस्ट १९८८मध्ये ह्यूस्टनला रस्त्याकडेला तो मेलेला सापडला. त्याचा जोडीदार निटी ग्रिटी, तसाच रडवेला आणि तसाच जबरदस्त आवाज, १९९१ साली ब्रुकलिनमध्ये गोळी लागून गेला. त्याच्यावर पुढच्या पत्रात लिहीन, तोवर त्याचं 'हॉग इन अ मिंटी' ऐकून ठेव.

सुरुवात टेनर सॉच्या 'लॉट्स ऑफ साइन'ने कर. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बेस मरतो. आणि नाहीच आवडला तर सरळ सांग, भांडायला मी तयार आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू