बायच्या गाण्याचा सातबारा

मालवण,
नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तुझ्या गाण्याचा करार बाजारात जाऊन छापून आणला. कायद्याचा कागद फोनवर वाचला तर मला तो वाचल्यासारखाच वाटत नाही. ११ पानं निघाली. ३४ वर्षं मालवणात दस्त लिहिले, खरेदीखतं, बक्षीसपत्रं, कुळमुखत्यारपत्रं, पण अशी चतुःसीमा पाहिली नव्हती. आपल्याकडे पूर्वेस पाणंद, पश्चिमेस समुद्र. यांच्या मिळकतीची हद्द 'संपूर्ण विश्व', मुदत 'कायमची'. मोबदला १५ हजार, तोही एकदाच.

वर नाव 'परवाना करार' असं आहे, पण हे खरेदीखत आहे. कलमांची बाग एका हंगामासाठी कराराने देतात ना, तसा परवाना असतो. आंबे त्याचे, झाडं आपली. एका मालिकेत, अमुक वर्षं, अमुक देशात गाणं वाजव, एवढे पैसे दे, आणि पुढच्या वर्षी तेच गाणं मी दुसऱ्याला देईन. या कागदात तू कलमांसकट जमीन लिहून देतेयस. सही करूच नको असं मी म्हणत नाही. एखादं गाणं विकून घरभाडं सुटत असेल तर वीक. पण विकतेयस हे कळून वीक.

कॉपीराइटचा कायदा १९५७चा. त्यातली १८ आणि १९ ही दोन कलमं तू स्वतः वाच, माझ्यावर विसंबू नकोस. २०१२ला त्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. थिएटरात सिनेमाबरोबर गाणं वाजतं, तेवढं त्यातून वगळलंय. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, मुलूख लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच या लोकांनी दोन्ही ठासून लिहिलंय. तुझ्या शब्दांवरचा हक्क तुझ्या हयातीत आणि त्यापुढे ६० वर्षं चालतो. म्हणजे नातवंडांपर्यंत जाणारी मिळकत आहे ही, आणि सातबाऱ्यावर तर अजून काहीच नोंद नाही.

हसू नकोस, गाण्यालाही सातबारा लागतो. त्यात दोन गट आहेत. एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. पडद्यावर गाणं वापरायचं तर दोन्ही गटांच्या मालकांची परवानगी हवी. आता आपली खालच्या वाडीतली सामाईक जमीन आठव. २७ नावं, निम्मी मुंबईत, दोघं मयत आणि वारस नोंद नाही. गिऱ्हाईक तीनदा आलं, चहा पिऊन गेलं. मालिकेसाठी गाणी शोधणाऱ्याला तर चहालाही वेळ नसतो. परवा भाग दाखवायचाय, आज सही पाहिजे. तुझ्या गाण्याच्या चार मालकांतला एक फोन उचलत नसेल, तर तो तुझ्याहून बऱ्या-वाईट दुसऱ्या कुणाचं तरी गाणं घेईल, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

तेव्हा चाल बसली त्याच रात्री एका कागदावर लिहायचं: शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला, कुणाच्या एकट्याच्या सहीने गाणं देता येईल. सगळ्यांच्या सह्या. मैत्री आहे म्हणून लिहायचं टाळू नका, भाऊबंदकीचे सगळे दावे पूर्वी मैत्रीच होते. मग आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, तिची सभासद हो. १९६९पासूनची संस्था आहे, शब्दकार-संगीतकारांची रॉयल्टी तीच गोळा करते. तिथे प्रत्येक गाणं टक्क्यांसकट नोंदव. मालिकेवाले क्यू शीट भरतात, कुठलं गाणं, कुणाचं, किती सेकंद वाजलं. त्यात तुझं नाव चुकीचं पडलं तर पैसे तुझ्यापर्यंत यायचे कसे? सरकारी नोंदणी सक्तीची नाही, हक्क गाणं लिहिल्याक्षणीच तयार होतो. पण मी दस्तलेखक, मी नोंदणी करच म्हणणार.

आता गाण्यांबद्दल. मला त्यातलं कळतं असा दावा नाही, पण गेले आठ दिवस आईच्या मालिका कान देऊन ऐकल्या. गाणं वर आणि संवाद खाली असं फार क्वचित असतं, बहुतेकदा उलट. शब्द दाट असले की बोलणाऱ्याच्या मध्ये येतात. तुझा दुसरा अंतरा तसा दाटला आहे. आवाज काढून नुसत्या वाद्यांचीही प्रत तयार ठेव. समुद्रावरच्या गाण्यात मात्र मालवणच्या जेटीचं नाव काढू नकोस. नाव घेतलं की गिऱ्हाईक कमी होतं म्हणतेस, होऊ दे.

तिसऱ्या गाण्याचा मुखडा एका जुन्या सिनेमातल्या चालीवर आहे, हे माझ्या लगेच लक्षात आलं. डबलबारीच्या भजनी सामन्यात बुवा सिनेमाच्या चालीवर गजर घेतो आणि लोक डोक्यावर घेतात, देवळात कुणी विचारत नाही. परवाना घेणारा विचारील. ती चाल बदल.

हे सगळं मी कुठून बोलतोय तेही सांगतो. तू दोन वर्षांची असताना आमच्या भजन मंडळाची कॅसेट निघाली. पाच चाली माझ्या. कंपनीच्या माणसाने कॅसेटच्या खोक्यावरच कागद ठेवला आणि मी सही केली. १,५०० रुपये आणि २० कॅसेटी. दिवसभर दुसऱ्यांचे कागद तीन-तीनदा वाचणारा माणूस मी, स्वतःचा एकदाही वाचला नाही. पुढे एका संध्याकाळी शेजारच्या टीव्हीवर, लग्नाच्या प्रसंगाला, माझी चाल वाजली. तुझ्या आईने ती ओळखली. नावांच्या पाटीत मी नव्हतो. कुणाशी भांडणार? कागद त्यांच्याकडे, माझ्याकडे त्याची नक्कलही नव्हती.

करारावर पेन्सिलने खुणा केल्यात, फोटो पाठवतो. मुदत ३ वर्षं मागून बघ आणि 'कायमची' खोडायला सांग. नाही म्हणाले तर हे एकच गाणं दे, पुढची देऊ नकोस.

राहता राहिली एक गोष्ट. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला तू आईची ओवी घातलीयस, गणपतीत फोनवर घेतलेली. ओवी जात्यावरची, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. आवाज मात्र तिचा, आणि गाणाऱ्याचाही हक्क कायदा मानतो. तिची लेखी संमती लागेल. मी तिला तसं सांगितलं. म्हणाली, "वाचल्याशिवाय मी सही करूचंय नाय. आणि माझो वाटो किती, ता आधी कागदावर लिव." मी दोन टक्के म्हणालो. त्यावर ती काही बोलली नाही, पण साडेपाच वाजले तरी चहा आलेला नाही. तू फोन कर.

तुझे
बाबा