घरातली वाइन आणि गुंतवणुकीचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाइनच्या संग्रहाकडे सोन्यासारखी गुंतवणूक म्हणून पाहण्याचा सल्ला देणारा लेख आला होता. नाशिकजवळच्या एका वायनरीच्या सेलरमध्ये, म्हणजे वाइन साठवण्याच्या गार कोठारात, मी सतरा वर्षे काम केले असल्याने तो वाचून दोन शब्द लिहावेसे वाटले. लेखातील परदेशी बाजाराची माहिती खोटी नाही. मात्र तिच्याशेजारी दिवाणखान्यातल्या लाकडी मांडणीचे जे छायाचित्र छापले आहे, त्याचा त्या बाजाराशी काहीही संबंध नाही, आणि वाचकांचा गैरसमज नेमका तेथेच होईल अशी मला भीती वाटते.

ज्या वाइनची किंमत वर्षागणिक वाढते ती जगातल्या एकूण उत्पादनाच्या फार थोड्या भागात येते: फ्रान्समधील बोर्दो प्रांतात 1855 साली झालेल्या वाइन-उत्पादकांच्या वर्गवारीतली वरची घराणी, तिथल्याच बर्गंडी प्रांतातील मोजक्या बागा, काही शाम्पेन आणि आणखी थोडी नावे. या वाइन बहुधा कोणाच्या घरी नसतातच. बोर्दोची वाइन सुगीनंतरच्या वसंतात, म्हणजे ती अजून पिंपातच असताना, आगाऊ विकली जाते आणि बाटलीत भरून निघायला पुढे दीड-दोन वर्षे लागतात. त्यानंतर ती सीमाशुल्क न भरता बंधपत्रित गोदामात जाते, म्हणजे जेथून माल बाहेर काढेपर्यंत शुल्क द्यावे लागत नाही अशा गोदामात. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यातल्या कॉर्शम येथे जुनी दगडाची खाण अशा साठवणुकीसाठी वापरली जाते. लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने घेतलेली एक पेटी अशाच एका गोदामात आहे. तो दरवर्षी भाडे आणि विमा भरतो, परंतु ती पेटी त्याने आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही. हौसेने त्याने ती घरी आणली तर शुल्क आणि कर भरावा लागेल, शिवाय त्या दिवसापासून तिचा भावही उतरेल, कारण मधल्या काळात ती कोठे आणि कशी ठेवली होती याची खात्री पुढच्या गिऱ्हाइकाला देता येणार नाही. या व्यापारात बाटलीइतकाच तिच्या मुक्कामांचा कागद महत्त्वाचा असतो.

तेथेही भाव वरच जातात असे नाही. शातो लाफित या बोर्दोच्या नामांकित घराण्याच्या 2008 सालच्या बाटलीवर चीनमध्ये शुभ मानला जाणारा आठचा आकडा चिनी लिपीत कोरला जाणार असे जाहीर होताच तिचा भाव उसळला, आणि 2011 च्या मध्यापासून बोर्दोचा सगळा बाजार घसरू लागला तो पुढची काही वर्षे घसरतच राहिला. 2022 च्या अखेरीपासून पुन्हा तसेच झाले. फसवणुकीची गोष्ट तर वेगळीच आहे. रूडी कुर्नियावान या गृहस्थांनी अमेरिकेतील संग्राहकांना बनावट जुन्या बाटल्या विकल्या आणि 2014 साली त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांची गिऱ्हाइके अडाणी नव्हती, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि किती बाळगावे यालाही मर्यादा आहे. विक्रीचा परवाना नसलेल्या खासगी माणसाला एक बाटलीसुद्धा कायदेशीरपणे विकता येत नाही. जी वस्तू विकता येत नाही तिला गुंतवणूक कसे म्हणायचे, याचे उत्तर त्या लेखात सापडले नाही. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क होते. काही देशांशी झालेल्या करारांमुळे ते आता उतरू लागले आहे. म्हणजे आज चढ्या किमतीला घेतलेली बाटली उद्या दुकानातच स्वस्त मिळण्याचा संभव आहे.

राहिला घरी साठवण्याचा प्रश्न, आणि खरे तर तोच माझ्या जिव्हाळ्याचा आहे. वाइनला साधारण 12 ते 14 अंश तापमान मानवते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते स्थिर असावे लागते. तापमान दहा अंशांनी चढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत बंद फ्लॅटमध्ये किती उकडते हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. अशा उष्णतेत वाइन लवकर परिपक्व होते असा एक समज आहे, पण प्रत्यक्षात ती शिजते. रंग विटकरी होतो आणि ताज्या फळाच्या जागी उकडलेल्या मनुकांचा वास येतो. आतला द्रव प्रसरण पावून बुचाला ढकलतो, रात्री गारवा आला की बुचाच्या कडेने हवा आत शिरते, आणि हे रोज चालू राहिले तर बाटलीत काही उरत नाही. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवायची असते; आट्यांच्या झाकणाच्या बाटलीला ते बंधन नाही. काचेच्या शोकेसमध्ये वर दिवा लावून बाटल्या मांडण्याची आपल्याकडे हौस फार. 1985 साली अमेरिकेतील प्रकाशक फोर्ब्ज कुटुंबाने लंडनच्या ख्रिस्टीजच्या लिलावात 1787 ची म्हणून विकली गेलेली लाफितची बाटली 1,05,000 पौंडांना घेतली आणि दिव्याखाली प्रदर्शनात ठेवली. दिव्याच्या उष्णतेने बूच आक्रसले आणि आत पडले. त्या बाटलीच्या अस्सलपणाविषयी पुढे जो वाद झाला तो निराळा.

माझी स्वतःची कथा याहून साधी आहे. मुलीच्या जन्मसालाची म्हणून शिराझ द्राक्षांच्या लाल वाइनची एक बाटली मी घरी राखून ठेवली होती. ती पदवीधर झाल्यावर उघडायची असे ठरले होते. सेलरमध्ये दिवसभर तापमानाच्या नोंदी ठेवणारा मी, घरची बाटली मात्र माळ्यावर, थेट स्लॅबखाली ठेवून मोकळा झालो. उघडली तेव्हा तिचा उपयोग भाजीत घालण्यापुरताही राहिला नव्हता. लोणच्याची बरणी माजघराच्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवायची हे आमच्या आईला कोणी शिकवावे लागले नव्हते.

ज्यांना घरी दहा-बारा बाटल्या ठेवायच्या आहेत त्यांनी वाइनसाठीचे छोटे शीतकपाट घ्यावे, आणि भारनियमनाच्या गावात त्याला इन्व्हर्टरची जोड द्यावी. ते परवडत नसेल तर नेहमीचा फ्रिज काही आठवड्यांसाठी पुरेसा आहे. त्याहून अधिक काळ ठेवल्यास कोरड्या हवेने बूच सुकते. कोकणात आणि गोव्यात उलट अडचण येते, पावसाळ्यात लेबलांना बुरशी धरते, पण त्याने आतल्या वाइनचे काही बिघडत नाही. मुख्य म्हणजे आपल्याकडची बहुतेक पांढरी वाइन, शेनिन ब्लांक असो वा सोव्हिन्यों ब्लांक, ताजी असतानाच प्यायची असते. ओकच्या पिंपात मुरवलेल्या काही मोजक्या लाल वाइन चांगल्या साठवणुकीत काही वर्षे सुधारतात, बाकीच्या नाहीत.

लेखासोबतचे ते छायाचित्र दक्षिणेकडच्या खिडकीशेजारचे आहे, हेही आपल्या छायाचित्रकारांच्या लक्षात आणून द्यावे. माझ्याकडे सध्या सहा बाटल्या आहेत. प्रत्येकीवर आणल्याची तारीख पेन्सिलीने लिहिलेली आहे, आणि पांढऱ्या तिन्ही होळीपूर्वी संपवायच्या असे घरात ठरले आहे.

आपला,
एक निवृत्त सेलर कर्मचारी, नाशिक