हुतात्म्याच्या नावावर ऑइलपेंट नको

मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

१५ ऑगस्ट जवळ आला की गावोगावच्या हुतात्मा स्मारकांवर ऑइलपेंटचा हात फिरतो. भावना चांगलीच असते, पण नाव त्यानंच बुजतं. कोरलेल्या खाचेत थरावर थर साचतो. आधी अनुस्वार आणि रफार जातात, मग ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ भरते आणि ‘बाबूराव’ हे नाव ‘वावूराव’ वाचलं जातं.

रंगामागे ओल अडकते, पोपडे सुटतात, आणि ते काढायला कुणी ॲसिड आणतं, कुणी ग्राइंडर. संगमरवरावर ॲसिड पडलं की फेस येतो. तो मळाचा नव्हे, विरघळणाऱ्या दगडाचा. अक्षरांच्या कडाही त्यातच जातात. जुना रंग पेंट रिमूव्हर लावून, वर प्लास्टिकचा कागद झाकून मऊ होऊ द्यावा, बांबूच्या कामटीनं खरवडावा आणि नायलॉनचा ब्रश व साध्या पाण्यानं धुवावा. आधी मागच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर करून पाहावं.

नव्या दगडावर अक्षरं चिकटवू नयेत. ऊन-पावसात गोंद सुटतो. छिन्नीनं व्ही आकाराची खाच घ्यावी, २५ मिलिमीटर उंचीच्या अक्षराला किमान ३ मिलिमीटर खोल. चौथऱ्याला मीटरमागे २ सेंटिमीटर उतार हवा. दगड जोडणाऱ्या आतल्या पिना स्टेनलेस स्टीलच्या. लोखंड गंजून फुगतं आणि दगड तडकतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र कोरण्याआधीच होते. लष्करी नोंदी इंग्रजीत. तिथे ‘ल’ आणि ‘ळ’ एकच, ‘न’ आणि ‘ण’ही एकच. काळे की काले, हे घरच्यांनाच विचारावं लागतं. म्हणून पूर्ण आकारातला मजकूर कागदावर काढून वीरपत्नी किंवा वीरमाता-पित्यांना दाखवावा, त्यांची सही घ्यावी, मगच छिन्नी लावावी. एकदा खोदलेली वेलांटी परत भरून येत नाही.

नुसतं ‘वीर जवान’ लिहून भागत नाही. पहिल्या महायुद्धाच्या जुन्या गाव-पाट्यांवर किती गेले आणि किती कामी आले, एवढा आकडाच आहे. कोण, ते दगडाला ठाऊक नाही. पुण्यात जन्मलेल्या अरुण खेत्रपाल यांची ओळ अशी होईल: सेकंड लेफ्टनंट, १७ पूना हॉर्स, बसंतरची लढाई, १६ डिसेंबर १९७१, वय २१, परमवीर चक्र. पद, पलटण, ठिकाण, तारीख आणि वय प्रत्येक शिपायाच्या दगडावरही हवं. मानचिन्ह नसेल तर ओळ तिथे संपेल, बाकी काही गाळू नये.

आमची मागणी एवढीच, की या कामाचा लेखी नमुना ठरवून तो प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवावा. आणि काम ऑगस्टच्या तोंडावर, भर पावसात देऊ नये. दिवाळीनंतर दगड कोरडा असतो. तेव्हा सुरू केलं तर २६ जानेवारीपर्यंत नीट होतं.

आपले,
पुण्यातील शिलालेख कोरणारे व दगडाची डागडुजी करणारे कारागीर