बाजरीचं पीठ

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. नोकरी गेल्यापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तू जागा असतोस, हे वाचून पोटात तुटलं. "सगळं देवावर सोपव, असं पाळकसाहेब सांगतात. पण सकाळी उठून नेमकं करायचं काय?" असं तू विचारलंयस. गिरणीचा पट्टा फिरत होता आणि दिवसभर हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

बाबांच्या माघारी कर्ज काढून मी नवी चक्की बसवली, हे तुला ठाऊक आहे. ते पहिलं वर्ष फार वाईट गेलं. रात्री उधारीची वही घेऊन बसायचो आणि तीच बेरीज पुन्हा पुन्हा करायचो. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून म्हणायचो, "प्रभू, सगळं तुझ्या हाती." सोमवारी दुपारपर्यंत सगळं परत माझ्या हाती आलेलं असायचं. वाटायचं, आपला विश्वासच कच्चा. खरा विश्वासू माणूस एकदाच सगळं देऊन टाकत असेल आणि मोकळा होत असेल.

आमच्या गल्लीतल्या एक आजी दर तीन-चार दिवसांनी दीड किलो बाजरी दळायला आणतात. एकदा मी म्हटलं, "आजी, एकदम पाच किलो आणा की. कशाला एवढे हेलपाटे?" त्या म्हणाल्या, "बाजरीचं पीठ राहतंय व्हय रं? कडू व्हतं. लागंल तेवढंच दळावं." एवढं मलाही माहीत होतं, धंदाच आहे माझा. पण त्यांच्या डब्यात ते कोमट पीठ भरता भरता हात थांबला. शब्बाथ शाळेत आपण दोघांनी शिकलेला मान्ना आठवला, देवाने आकाशातून दिलेलं ते अन्न. रानात इस्राएल लोकांनी रोज सकाळी लागेल तेवढाच गोळा करायचा. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला तेवढा टिकला. प्रभूनेही आपल्याला भाकर मागायला शिकवली ती आजची.

मग माझा सोमवार मला अपराध वाटेनासा झाला. परवाचं समर्पण आज शिळं होणारच, आज पुन्हा करायचं. क्रुसावर जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने तीच प्रार्थना तीनदा केली, असं मत्तयाने लिहून ठेवलंय. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे" हे त्यालाही एकदा म्हणून भागलं नाही. मग आपण तर कोण!

आता मी सकाळी साडेसहाला शटर उघडतो आणि मोटर लावायच्या आधी चक्कीच्या लोखंडावर हात ठेवून उभा राहतो. थंडगार असतं. त्या दिवसाचं तेवढंच नाव घेऊन सांगतो: आज हप्ता भरायचाय, आज अमक्याशी बोलताना आवाज चढू नये, आज आईचा गुडघा. उद्याचं काही आलंच तर म्हणतो, प्रभू, हे उद्या आणतो. वही खणात असते, ती फक्त शनिवारी उघडायची. मन वहीकडे ओढतं, अजूनही ओढतं. तेव्हा परत लोखंडावर हात ठेवतो.

हातावर हात धरून बस, असं मात्र मी म्हणत नाही. तू पुण्याहून दौंडमार्गे येतोस तेव्हा पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव लागतं ना? 1898 साली अमेरिकेतल्या मंडळींच्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपली, तेव्हा रमाबाईंच्या पदरात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली होत्या. बाई प्रार्थनेला बसत, आणि त्याच बाई विहिरी खोदून घेत, शेती करून घेत, मुलींना छापखान्याचं काम शिकवत. तूही अर्ज कर, लोकांना भेट, चार ठिकाणी शब्द टाक. फक्त त्या अर्जाचं उत्तर रात्री दोन वाजता छताकडे बघून शोधू नकोस.

माझे कर्जाचे सात हप्ते अजून बाकी आहेत. झोप मात्र लागते.

रोज सकाळी चक्कीपाशी तुझंही नाव घेतो. नाताळला वहिनींना आणि मुलांना घेऊन ये. येताना रिकामा डबा आण, बाजरी मी दळून ठेवणार नाही. तू आलास की दळू.

तुझा,
गिरणीवाला मित्र
नगर