पोनी घ्यायच्या आधी एक पावसाळा पागेत काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत फार्महाऊसवर मुलांसाठी पोनी ठेवणाऱ्यांचे फोटो पाहिले, फारच गोड होते, पण लीद उचलतानाचा एकही फोटो नव्हता म्हणून हे पत्र लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाने पाच वर्षांपूर्वी बायपासपलीकडच्या त्याच्या प्लॉटवर लेकीच्या आठव्या वाढदिवसाला एक तट्टू आणलं, नाव बर्फी. आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हजेलाने २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या खेळाच्या) टीमसोबत गोल्ड आणलं तेव्हापासून तर ओळखीतले लोक भावाला फोन करून विचारतात की पोनी कुठे मिळेल, आणि तो फोन माझ्याकडे देतो कारण निस्तरलंय सगळं मीच.

बर्फी आली त्याच दिवशी पार्टी होती. प्रत्येक पाहुण्याने लाडाने काहीतरी भरवलं, कोणी गूळ, कोणी पोळी, कोणी चक्क जिलबी, आणि पोरांनी चंदीचं, म्हणजे तिच्या दाण्याचं, पोतं उघडं टाकलं ते वेगळंच. रात्री अकराला बघतो तर ती सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघतेय, पायाने जमीन खरडतेय, आडवी पडून लोळायला बघतेय. घोड्याला ओकता येत नाही हे मला त्या रात्री कळलं, म्हणजे आत गेलेलं वरून परत येणारच नाही. डॉक्टर महूकडून येईपर्यंत दीड वाजला, तोवर मी लगाम धरून अंगणात फेऱ्या मारतेय. मग नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. वाचली, पण दोन दिवसांनी पुढचे खूर हाताला गरम लागायला लागले, लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज, दाणा जास्त झाला की पोटाबरोबर पायही जातात म्हणे, महिनाभर लंगडत होती. गाई-कोंबड्यांचा खुराकही देऊ नका हं, त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं ते घोड्याला विष आहे.

खर्च विचारतात सगळे. बर्फी साधारण २२० किलोची, वजनाच्या दोन टक्के धरला तरी रोज साडेचार किलो सुका चारा, म्हणजे वर्षाला सोळा क्विंटलच्या वर, आणि तो बुरशी न लागलेला पाहिजे. लीद रोज दहा किलो तरी, आणि आपलं शहर स्वच्छतेत नंबर वन, ती रस्त्यावर टाकून बघा जरा. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, वर्षातून एकदा दात कानशीने घासून घ्यायचे, धनुर्वाताची लस, जंताचं औषध. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झालेली नसेल तर जनावर घेऊच नका, तो माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह आलं तर मारावंच लागतं.

पण खरं घोडं पेंड खातं ते पावसाळ्यात. माळव्याची काळी माती, गुडघाभर चिखल, त्यात उभं राहून खुराखालचा तो मऊ त्रिकोणी भाग कुजतो. खूर उचलून हुकने खरवडलं की काळं चिकट काहीतरी निघतं आणि असा वास येतो की दोन दिवस जेवण जात नाही. हे रोज करायचं, पाऊस पडत असला तरी. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी एखाद्या रायडिंग क्लबात मुलीला वर्षभर घाला, नुसतं बसायला नाही, खरारा करायला, खूर साफ करायला, आणि जुलै-ऑगस्ट एकही दिवस चुकवायचा नाही. नंतरही हवं म्हणाली तर बोला.

आजी कोडं घालायची ना, घोडा का अडला, भाकरी का करपली, तर न फिरवल्यामुळे. शाळा, कोचिंग, परीक्षा यात बर्फीला तीन आठवडे कोणी फिरवलं नाही आणि चौथ्या आठवड्यात तिने भावालाच पाडलं. (त्याचं वजन ऐंशी, तट्टावर तट्टाच्याच वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार टाकायचा नसतो, खोगिरासकट, तर चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा.) एकटी ठेवली तर रात्रभर खिंकाळायची, कळपातलं जनावर आहे, शेवटी सोबतीला बकरी आणली, आता बकरीचं वेगळंच प्रकरण.

भाची तेरा वर्षांची झाली, शेहेचाळीस किलो, पाय लोंबतात, आता तिला बर्फीवर बसता येत नाही. बर्फी आता नऊची असेल, आणि ही तट्टं पंचवीस-तीस वर्षं आरामात जगतात. विकायचं काढलं तर लग्नातल्या घोडीवाल्याने मागितली, भाची दोन दिवस जेवली नाही. राहिली मग.

तुमच्या वाचकांपैकी कोणाला बायपासकडे येणारा नालबंद माहीत असेल तर पेपरात जरूर छापा, आमचा लग्नसराईत फोनच उचलत नाही.

आपली,
बर्फीची आत्या, लोकमान्य नगर, इंदूर